शेरवानीतला कॉम्प्युटर

मराठवाड्यात असं एकही गाव नसेल जिथं आमच्या लातूरच्या घरमालकांनी माणसं पाठवली नाहीत, आणि असं एकही गाव नसेल जिथं ते स्वतः गेले. त्यांची सगळी नोकरी बसस्थानकावरच्या नियंत्रकाच्या खोलीत, माइकसमोर झाली. अहमदपूर-लोहामार्गे नांदेड, उदगीरमार्गे देगलूर, औसा, निलंगा, अंबाजोगाई अशा गाड्या त्यांच्या तोंडून सुटायच्या. त्यातही देगलूरचं नाव घेताना त्यांचा आवाज जरा रेंगाळायचा, कारण ते गाव त्यांचं. पण ज्या माणसानं उभ्या जिल्ह्याला गाड्यांत बसवलं, त्याला स्वतःला गाडी लागायची. साधी नाही, तर गाडी जागेवर उभी असतानाच लागायची. कंडक्टरशी दोन शब्द बोलायला चढायचं असलं तरी ते खिशातलं लिंबू हुंगून चढत, असं काकू सांगत. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. लग्नानंतर देगलूरहून लातूरला आले ते डोळे मिटून, काकूंच्या खांद्यावर मान टाकून, आणि मग परत गेले नाहीत.

मी मूळचा नांदेडचा. लातूरच्या एका शिकवणी वर्गात वनस्पतिशास्त्र शिकवायला गेलो आणि यांच्या माडीवर भाड्यानं राहिलो. निवृत्तीनंतर त्यांचा माइक गेला होता, पण घोषणा गेल्या नव्हत्या. शनिवारी मी पिशवी घेऊन जिना उतरलो की ते अंगणातून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगत, "लातूरहून अहमदपूर, लोहामार्गे नांदेडकडे जाणारे सर फाटकावर उभे आहेत. ज्यांना निरोप द्यायचा असेल त्यांनी त्वरित संपर्क साधावा!" शेजारच्या बायका खरोखरच निरोप घेऊन येत. जेवताना पोळी यायला उशीर झाला तर "स्वयंपाकघरातून येणारी पोळी काही अपरिहार्य कारणामुळे उशिरा धावत आहे" हे ते अशा निर्विकार आवाजात म्हणत, की काकूंना रागावताही येत नसे. घरात बोलताना ते आपले साधे लातूरचे होते. घोषणेला लागले की मात्र भाषा एकदम इस्त्री करून यायची.

आणि घोषणा करता करता त्यांची तंद्री लागे. "उदगीरमार्गे..." एवढं म्हणून ते थांबत. डोळे उघडे, पण मन कुठंतरी नळेगावच्या पुढं गेलेलं. अशा वेळी त्यांना हाक मारू नये, असा घरचा नियम होता. थोड्या वेळानं ते आपले आपणच परतत आणि विचारत, "मी कुठं होतो?" काकू कांदा चिरता चिरता सांगत, "उदगीरला." "मग जवळ आलोय," म्हणून ते समाधानानं चहा मागत.

देगलूरला त्यांचा एक दोस्त होता. शाळेत एका बाकावर बसलेला, पुढं गावात शेरवानी शिवणारा नामांकित शिंपी झालेला. पूर्वी अस्तराचं कापड न्यायला हा दोस्त लातूरला येई. त्या दिवशी यांच्या ओसरीवर बुद्धिबळाचा पट मांडला जाई आणि जेवणं राहून जात. मग दोस्ताचे गुडघे गेले. तो बसच्या पायऱ्या चढू शकेना, आणि हे चढले तर टिकेनात. अशी कोंडी झाल्यावर पुण्याच्या मुलानं आपला जुना कॉम्प्युटर आणून वडिलांच्या टेबलावर मांडून दिला आणि व्हिडिओ कॉल कसा लावायचा ते शिकवून गेला. तेव्हापासून दुपारची झोप झाली की खेळ सुरू. इकडं यांचा पट, तिकडं त्यांचा पट. एकानं चाल सांगायची, दुसऱ्यानं तीच आपल्या पटावर करायची. दोस्त रिळांच्या डब्याला मोबाइल टेकवून बसे. हे मात्र कॉम्प्युटरसमोर सरळ बसून चाल जाहीर करत, "राजाच्या बाजूचा घोडा उंटाच्या प्याद्यापुढील घराकडे प्रस्थान करत आहे." पडद्यावरून दोस्त ओरडे, "अरे कंट्रोलर, घोडा हाय का गाडी? चल ना लवकर!"

कॉम्प्युटर आल्याचं कळलं तेव्हा दोस्तानं फोनवर सीपीयूची मापं मागवून घेतली होती. लातूरच्या डाळमिलांची धूळ घरोघर येते, ती आत जाऊ नये म्हणून मी त्याला कपडे शिवतो, असं त्याचं म्हणणं. आठवड्याभरात देगलूरच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर एक पुडकं आलं. आत गर्द मरून मखमलीची, कापूस भरलेली, गळ्याशी बंद कॉलर असलेली, पुढं सोनेरी गुंड्या लावलेली शेरवानी होती. चालू-बंदच्या बटणासाठी एक सुबक काज होतं आणि तारांसाठी मागं बोटभर फट. आमच्याकडं टीव्हीला झालर, फ्रिजला रुमाल, मिक्सरला टोपी घालायची रीत आहेच, पण वरातीला उभा राहील असा सीपीयू मी पहिल्यांदाच पाहिला. तो यांच्या उजव्या हाताशी, कॅमेऱ्यात दिसेल असा ठेवलेला असे. प्रत्येक डावाच्या आधी दोस्त विचारी, "नवरदेव कसा हाय?" हे शेरवानीवरून हात फिरवत आणि म्हणत, "नवरदेव मजेत हाय."

हा नवरदेव पुढं बंद पडू लागला. म्हणजे काही सूचना नाही, आवाज नाही. डाव रंगात आलेला असताना पडदा एकदम काळा. पहिल्यांदा आम्ही सगळ्यांनी विजेकडं बघितलं. पण पंखा चालू होता. थोडा वेळ थांबून बटण दाबलं की गडी पुन्हा उठून बसे आणि काही झालंच नाही असं दाखवी. दुसऱ्या दिवशी परत तेच. डाव तासाभराचा झाला, मोहरे कमी झाले, कुणाचा तरी राजा कोपऱ्यात सापडला की पडदा काळा. आणि सापडलेला राजा बहुतेक वेळा यांचाच असे, कारण दोस्त खेळाडू म्हणून उजवा होता.

इथं यांच्या नोकरीतला एक नियम आडवा आला. गाडी वाटेत बंद पडली की फेरी रद्द. उरलेला प्रवास तिथून पुढं सुरू होत नाही, नव्या गाडीची नवी फेरी लागते. त्यामुळं कॉम्प्युटर पुन्हा सुरू होऊन दोस्ताचा चेहरा दिसला, की हे गंभीरपणे सांगत, "तांत्रिक बिघाडामुळे मघाची फेरी रद्द करण्यात आली आहे. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." आणि मोहरे पहिल्यापासून मांडू लागत. दोस्त आधी हसला, मग कुरकुरला, आणि मग त्याच्या आवाजाला धार यायला लागली.

बिघाड शोधायचं काम माझ्याकडं आलं. वनस्पतिशास्त्र शिकवतो म्हणजे सायन्सचा माणूस, म्हणजे कॉम्प्युटर याला येणारच, असा हिशेब. मी नाही म्हणायला हवं होतं, पण "सर, तुम्ही नुसतं बसा, यंत्राला धीर येतो," असं कुणी म्हटल्यावर काय करणार! मी प्लग दाबून पाहिला, एक्स्टेन्शन बोर्ड बदलला, यूपीएस काढून थेट भिंतीतून वीज दिली. इंटरनेटवर वाचून व्हायरस शोधले; सापडले, मारले, काही फरक नाही. आमच्या घरमालकांचं निदान वेगळंच होतं. "सर, त्याला बी झोप लागती. दुपारचं कोण जागं राहतं लातूरात? आन आपण मोठ्यानं बोलायलोत. हळू बोला." काही दिवस आम्ही कुजबुजत खेळ पाहिला. यंत्र कुजबुजीतही झोपलं.

मग गंजगोलाईच्या बाजाराजवळच्या एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो येणार म्हटल्यावर यांनी शेरवानीच्या गुंड्या एकेक सोडल्या, ती काढून घडी करून उशीखाली ठेवली. "डॉक्टर यायलाय, अंगावरचे कपडे काढायलाच पाहिजेत," हे त्यांचं कारण. दुरुस्तीवाल्यानं सीपीयू दुकानात नेला, रॅम पुसली, दिवसभर चालवून पाहिला आणि "काका, मशीन एकदम ओके हाय," म्हणून आणून दिला. तो फाटकाबाहेर पडला, यांनी नवरदेवाला पुन्हा सजवलं, गुंड्या लावल्या, डाव मांडला. दोस्ताचा वजीर यांच्या राजाच्या अंगावर आला आणि पडदा काळा झाला. दुरुस्तीवाला आणखी एकदा आला, शेरवानी पुन्हा उशीखाली गेली, मशीन पुन्हा ओके निघालं. मी वनस्पतींच्या पानांवरची छिद्रं, त्यांचं श्वसन मुलांना रोज शिकवत होतो आणि घरी येऊन त्या बंद गळ्याच्या मखमलीकडं कौतुकानं बघत होतो.

पडदा काळा झाला की घरमालक चिडत नसत, ही त्यांची खरी गंमत. ते त्या काळ्या काचेत बघत बसत. खिडकीतला उजेड, कडुनिंबाची हलती सावली आणि त्यांचा स्वतःचा चेहरा एवढंच त्यात दिसे, पण ते मला हळू आवाजात सांगत, "हे बगा सर, शाळेचा हौद. त्याच्या काठावर आम्ही विटकरीच्या तुकड्यानं पट आखायचो. मोहरे म्हणजे चिंचोके. दोस्ताचे भाजलेले, काळे, माझे कच्चे." मलाही मग तो हौद दिसल्यासारखा वाटे. दुपार टळून जाई. काकू चहा आणत आणि तिघंही बंद कॉम्प्युटरसमोर बसून तो पीत असू. अशा सुखाच्या दुपारी पुढं मला फार कमी मिळाल्या.

पण एके दिवशी दोस्ताचा संयम सुटला. त्या दिवशी त्याची मात अगदी एका चालीवर होती. पडदा काळा झाला, परत उजळला, आणि हे "फेरी रद्द" म्हणायच्या आत तो बोलला, "हौ, हौ, मालूम हाय मला! तुझी फेरी बरोबर हारायच्या टायमालाच कॅन्सल होती. भगोडा हायस तू, भगोडा! हारायला बी कलेजा लागतो रे. आता नक्को लावू मला फोन." आणि कॉल त्यानंच बंद केला. घरमालकांनी कॉम्प्युटर बंद केला. त्यांनी पटावरचे मोहरे डब्यात भरले, डब्याचं झाकण लावलं आणि ते कॉटवर भिंतीकडं तोंड करून पडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉल लावला, तो कुणी उचलला नाही. पुढचे कित्येक दिवस तेच. गल्लीतल्या घोषणा बंद झाल्या. शनिवारी मी मुकाट्यानं नांदेडला निघायचो, मला कुणी फाटकावर लावत नव्हतं. पोळी उशिरा आली काय, वेळेवर आली काय, ते खाली मान घालून जेवत. काकू मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "सर, याच्यापरीस उलट्या करणारा नवरा बरा होता हो." त्यांचे डोळे भरले होते.

थंडीच्या एका सकाळी मी ताजे पेरू द्यायला खाली गेलो. कॉम्प्युटर चालूच होता; पडद्यावर दोस्ताच्या नावाला कॉल लागत होता आणि तुटत होता. आणि सीपीयूच्या मखमली डोक्यावर शेजारची मांजर पाय आखडून, गाढ झोपली होती. अंगणात ऊन असताना ही इथं का, म्हणून मी तिला उचलायला गेलो, तर हाताला धग लागली. मांजर नाही, शेरवानी तापली होती. चुलीवरून उतरवून निवत आलेल्या तव्याला हात लावावा तशी. मी ओरडलोच, "काका! हे बघा! ही शेरवानीच याला श्वास घेऊ देत नाही! काढा ती, आत्ता काढा!"

"माहीत हाय मला," ते म्हणाले.

मी पेरू हातात धरून तसाच उभा राहिलो. "कधीपासून?"

"तो दुरुस्तीवाला दुसऱ्यांदा येऊन गेला तवापासून. ती उशीखाली असली की हा चालतो, अंगावर आली की झोपतो. एवढं मला बी कळतंय की सर."

"मग मी इतके दिवस व्हायरस मारत होतो ते?"

"तुम्ही लई मन लावून शोधायला होता. तुमचं मन मोडवलं न्हाई."

मी रागावणार होतो, पण ते खिडकीकडं बघत पुढं बोलत राहिले. आता लग्नाला तयार शेरवान्या मिळतात, दोस्ताकडं कुणी शिवायला टाकत नाही. डोळेही अधू झालेत. या नवरदेवाची शेरवानी ही त्यानं शिवलेली शेवटची. प्रत्येक डावाच्या आधी तो पडद्यावरून तीच आधी बघतो, पट नंतर. "आता त्याला काय सांगू सर? की बाबा, तुझ्या हातचं शेवटचं कापड बेकार निघालं? त्याच्यापरीस मी भगोडा बरा." एवढं बोलून त्यांनी मांजरीच्या पाठीवरून हात फिरवला.

भगोडा म्हणवून घेऊनही ते बरे नव्हते, हे मला दिसत होतं. मी म्हटलं, "काका, त्याच्या कामाला नावं ठेवायची नाहीत, एवढंच ना? गिऱ्हाईक शिंप्याकडं दुसऱ्यांदा कशासाठी जातं?" ते माझ्याकडं बघत राहिले. मग तंद्री लागली. काकूंनी आतून डोकावून मला गप्प राहायची खूण केली. बऱ्याच वेळानं ते परतले आणि त्यांनी विचारलं, "लिंबू हाय का घरात?"

पुढच्या शनिवारी मी नांदेडला गेलो नाही. आम्ही दोघं बसस्थानकावर गेलो. हल्ली तिथं आधी रेकॉर्ड केलेला एका बाईंचा आवाज घोषणा करतो. घरमालक भोंग्याखाली मान वर करून उभे राहिले. "आवाज ग्वाड हाय," ते म्हणाले, "पण बाई देगलूरवर जोर देत न्हाई." मग लिंबू नाकाशी धरून, शेरवानीचं पुडकं छातीशी घेऊन ते जन्मभर ओरडून सांगितलेल्या त्या गाडीत चढले. मी त्यांना खिडकी दिली. वाटभर ते थांब्यांची नावं पुटपुटत होते आणि प्रत्येक गावाला डोळे किलकिले करून बघत होते. "हे नळेगाव होय? मला वाटलं मोठं असंल." नळेगावच्या पुढं त्यांना व्हायचं ते झालं. चूळ भरून ते म्हणाले, "एक काम उरकलं." उदगीर मागं पडल्यावर मात्र ते नुसते खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर हरभऱ्याची शेतं होती, दुपारचं पिवळं ऊन होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काळ्या काचेत बघतानाचा तोच भाव होता.

दोस्ताचं दुकान म्हणजे एक लहान खोली. तो मशीनवर शाळेच्या खाकी चड्डीला शिलाई घालत होता. दारात यांना पाहून त्याचा पाय थांबला. "तू?" तो म्हणाला. "गाडीत बसून आलास? कायकू आला रे?"

घरमालकांनी पुडकं सोडलं आणि शेरवानी त्याच्यापुढं ठेवली. ओळखीचं गिऱ्हाईक बोलतं तशा आवाजात ते म्हणाले, "जरा ढिली करून पाहिजे. पोरगं अंगानं भरलंय. गरम होतंय त्याला."

दोस्तानं शेरवानी उचलली, आतून उलटी केली. पाठीकडचा कापूस करपून पिवळा पडला होता. त्यानं त्यावर अंगठा फिरवला, एकदा यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि त्याला सगळं कळलं. "म्हणून बंद पडत होता?" यांनी मान हलवली. "तुला मालूम होतं?" यांनी पुन्हा मान हलवली. "मी तुला भगोडा बोललो, तरी चूप बसलास?"

"तू मला काय बी म्हण," घरमालक म्हणाले. "तुझ्या शिलाईला माझ्या घरात कुणी नाव ठेवायचं न्हाई."

दोस्तानं चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. मग कात्री घेऊन त्यानं शेरवानीची पाठ सरळ कापून काढली, कापूस उपसून टाकला आणि तिथं जाळीचं कापड लावायला घेतलं. सुईत दोरा त्याला ओवता येईना. घरमालकांनाही येईना. शेवटी मी ओवला. पाठीला जाळी, पोटाला मखमल, गुंड्या तशाच. "आता उन्हाळ्यात बी चालंल," तो नाक ओढत म्हणाला.

मग त्यानं फळीवरचे कापडाचे गठ्ठे बाजूला केले. मागं त्याचा पट होता. भांडणाच्या दिवशी होता तसाच मांडलेला, एक मोहरा हललेला नाही. वर धूळ बसू नये म्हणून अस्तराचा स्वच्छ तुकडा टाकलेला. यांनी दर वेळी फेरी रद्द केली होती. त्यानं ही एक गाडी थांब्यावर तशीच उभी ठेवली होती. घरमालक त्या पटाकडं बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी ते पुसलंही नाही. दोस्तानं पट दोघांच्या मध्ये ठेवला आणि वजीर एक घर सरकवला. "मात."

घरमालकांनी पटाकडं नीट पाहिलं. पळायला घर नव्हतं. मग ते ताठ बसले, घसा साफ केला आणि इतक्या दिवसांनी पुन्हा तो इस्त्रीचा आवाज लागला, "लातूरहून उदगीरमार्गे देगलूरकडे येणारी गाडी शेवटच्या थांब्यावर पोहोचली आहे." रस्त्यावरची दोन माणसं थांबून बघायला लागली.

मी आता नांदेडला परत आलो आहे, इथल्याच कॉलेजात शिकवतो. तिकडं जाणं होत नाही. काकूंचा फोन येतो तेव्हा कळतं की कॉम्प्युटर आता बंद पडत नाही आणि हे रोज रीतसर हरतात. कधी दोस्त झोपलेला असला की स्वतःच बटण दाबून पडदा काळा करतात आणि बघत बसतात, असंही त्या सांगतात. वर्षातून एकदा लिंबू घेऊन देगलूरला जातात. नळेगावच्या पुढचं काम अजून चुकलेलं नाही. परवा मी नांदेडच्या बसस्थानकावर उभा होतो. भोंग्यातून एकेक गाव येत होतं, सगळी सारख्याच आवाजात. देगलूर आलं आणि तसंच निघून गेलं. माझ्या शेजारी एक म्हातारी बोचकं घेऊन उभी होती. "कुठली म्हणली रे बाबा?" तिनं विचारलं. मी तिला सांगितलं, जरा रेंगाळून, जोर देऊन सांगितलं, "देगलूर."